सारजानं जायफळ सोडलं

शेळगावच्या मानसिंग तात्यांचा जगात फार थोड्या माणसांवर भरवसा होता आणि त्यातली निम्मी केव्हाच वारली होती. एसटी वेळेवर आली तरी तात्या म्हणायचे, काहीतरी भानगड दिसतीय. त्यांचा तरी काय दोष? वालचंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेली. यंत्राला कान लावून कुठं काय खुटखुटतंय ते हुडकायचं, हेच काम. रिटायर झाल्यावर यंत्रं सुटली, पण कान राहिले. मग ते कान घरातल्या माणसांना लागले.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतरचा एक रविवार. त्या दिवशी त्यांच्या मंडळींनी, म्हणजे सारजाबाईंनी, गॅसवर कॉफीचं एकच पातेलं चढवलं आणि तात्यांच्या पोटात धस्स झालं.

एका पातेल्यात धस्स होण्यासारखं काय, असं कुणीही विचारेल. पण त्या घरात चहा रोजचा आणि कॉफी रविवारी दुपारी चारला, आणि गेली अठ्ठावीस वर्षं कॉफीची पातेली दोन. तात्यांना कॉफी लावली ती कारखान्यातल्या राघवन साहेबांनी. साहेब मद्रासकडचे. उकळत्या पाण्यात पूड टाकायची, झाकण घालून मुरू द्यायची, फडक्यातून गाळायची, वर गरम दूध आणि साखर नावाला. स्टीलच्या पेल्यात घ्यायची. सारजाबाईंची कॉफी त्यांच्या आईच्या हातची. माहेरी मेंढरं होती तेव्हा पाहुणा आला की करायचे तशी, पाण्याचा थेंब नाही, सगळं दूधच, साखर सढळ हातानं, वरून जायफळ किसायचं आणि साय धरेपर्यंत आटवायची. ती बशीत ओतून, फुंकर मारून प्यायची.

"ही कॉफी न्हाय, बाळगुटी हाय," तात्या म्हणायचे. "ही पिऊन मानसानं कामावर जायाचं का पाळन्यात?"

"आन तुमची? सडकंवर डांबर वततेत, त्यातलं वाटीभर आनलं तर काय येगळं लागंल?"

हे दर रविवारी. सूरजच्या लग्नात व्याह्यांसमोर सुद्धा झालं. नवी सून सुकन्या पहिल्या रविवारी घाबरून नवऱ्याला म्हणाली होती, अहो, यांचं फार बिनसलंय का? सूरज म्हणाला, न्हाय गं, कॉफी पितायत.

तर त्या रविवारी पातेलं एकच आणि तेही तात्यांच्या पद्धतीचं.

"जायफळ कुठंय?" तात्यांनी विचारलं.

"हाय की डब्यात."

"मग घातलं न्हाईस?"

"ऱ्हाऊ द्या. दोन दोन पातेली कशाला घासायची? मी बी तुमचीच पिते."

आणि प्यायल्या. पेल्यानं. तोंड वाकडं नाही, डोळे मिटणं नाही. तात्यांनी विचारलं, "कशी हाय?" तर म्हणाल्या, "चांगली हाय की."

दुसरा एखादा नवरा असता तर जिंकलो म्हणून गावात सांगत फिरला असता. तात्या ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांनी हिशोब जुळवायला घेतला. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं होतं. सूरजनं बारामतीला दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला, रक्त तपासायला दिलं. डॉक्टरांनी तात्यांना बाहेर बाकड्यावर बसवलं आणि सूरजला आत थांबवून घेतलं. का? बाहेर येऊन सूरज म्हणाला, "काय न्हाय तात्या, ग्यास हाय." ग्यास होता तर कागद घडी घालून खिशात का घातला? आणि येताना डाळिंबं का घेतली? या पोरानं बापासाठी आजवर शेवेची पुडीसुद्धा आणली नव्हती.

त्यात त्यांना त्यांचे वडील आठवले. ज्या म्हाताऱ्याला आयुष्यभर घरात विडी ओढू दिली नाही, त्याच्या शेवटच्या आठवड्यात तात्यांच्या आईनं स्वतःच्या हातानं विडी पेटवून त्याच्या ओठात दिली होती. बायको भांडायची थांबली की काय समजायचं ते तात्यांनी तेव्हाच पाहून ठेवलं होतं. ते मनातून पार हादरले.

त्यानंतर तात्या घरात मांजराच्या पावलानं वावरू लागले. बुधवारी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले तर आत सासू-सुना कुजबुजत होत्या. सारजाबाईंनी आमटीचा डाव सुनेपुढं धरला होता. सुकन्येनं चाखून मान हलवली आणि सारजाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"मामास्नी कळू देऊ नगंस," सारजाबाई म्हणाल्या.

"पन आत्या, किती दिवस लपवायचं? आज ना उद्या कळनारच की."

"कळंल तवा कळंल. त्यास्नी सोसायचं न्हाय."

न सोसण्यासारखी गोष्ट माणसाची एकच असते. ते तसेच मागं फिरले आणि गोठ्यातल्या खुंट्याला टेकून बराच वेळ उभे राहिले. म्हशीनं एकदा वळून पाहिलं, तर तिचाही त्यांना संशय आला.

दुसऱ्या दिवसापासून तात्या आवराआवरीला लागले. सूरजला बोलावून सात-बाराचे कागद कुठल्या पेटीत आहेत ते दाखवलं. शेजारचा गेणू आणि ते बांधावरून अकरा वर्षं बोलत नव्हते, त्याच्याकडं जाऊन रामराम घातला. गेणू घाबरला. हा माणूस आपण होऊन रामराम घालतो म्हणजे कोर्टाची नोटीस येणार, असं वाटून तो लगोलग वकिलाला गाठायला इंदापूरला गेला. संशय हा काही एकट्या तात्यांच्या घरचा नव्हता.

शनिवारी तात्या कुणाला न सांगता बारामतीला गेले. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. "मानसिंगराव, छाती ठणठणीत आहे. रात्री वांग्याची भाजी कमी खा."

"मग परवा पोराला आत का थांबिवलं?"

"त्याची पाठ दुखत होती म्हणून त्यानं मलम विचारलं. कागदावर मलमाचं नाव होतं."

तात्या हात जोडून उठले. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ते स्वतःशीच म्हणाले, डॉक्टरालासुद्धा सामील करून घेतलंय. किती चोख सांगतोय, जरासुद्धा अडखळत नाही. खरं बोलणारा माणूस जरा तरी अडखळतो.

मात्र लासुर्ण्याला गाडी थांबली तेव्हा त्यांच्या डोक्यात एक युक्ती आली. माणसं फितूर होतात, पण जीभ होत नाही. मरणाऱ्या नवऱ्याचं मन राखायला सारजा त्याची कॉफी गोड मानून पीत असेल, तर ती काहीही पिईल. आणि कॉफी खरोखर आवडायला लागली असेल, तर खोट निघाली की ती बोंब ठोकेल. तपासायचं म्हणजे यंत्रात मुद्दाम खोट घालायची आणि ते कसं वाजतंय ते ऐकायचं.

रविवारी चार वाजता तात्या म्हणाले, "आज कॉफी मी करतो."

सारजाबाई हसल्या आणि पाट घेऊन बाजूला बसल्या. तात्यांनी पूड मुरू दिली, फडक्यातून गाळली, दूध घातलं, दोन पेले भरले. मग पाठ करून सारजाबाईंच्या पेल्यात दोन चमचे मीठ घातलं आणि ढवळलं. थुंक, एवढंच ते मनात म्हणत होते. थुंक गं बाई, मला शिव्या घाल, पेला फेकून मार. अठ्ठावीस वर्षांत बायकोच्या शिव्यांची एवढी वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती.

सारजाबाईंनी पेला तोंडाला लावला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. अर्धा पेला संपला.

"आज लई झ्याक जमलीया," त्या म्हणाल्या.

तात्या मटकन खाली बसले.

"किती दिवस ऱ्हायलेत माजं?"

"आँ?"

"लपवू नगंस सारजा. डॉक्टर काय म्हनला ते सांग. म्हैना? दोन म्हैनं? माज्यापायी तू मीठ घातल्याली कॉफी गोड म्हनून पितीयास, मला काय कळत न्हाय व्हय?"

सारजाबाईंनी हातातल्या पेल्याकडं पाहिलं.

"मीठ?" त्या म्हणाल्या. "ह्यात मीठ हाय?"

"दोन चमचं."

त्यांनी पेल्यात बोट बुडवून चाटलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चाटलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग पेला हळूच खाली ठेवला.

"मला वाटलं, साखर हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला.

आतून सुकन्या धावत आली. सासूचं तोंड पाहून तिला काय झालं ते कळलं. "मामा," ती म्हणाली, "आत्यांना गनपतीत ताप आला होता न्हवं? तवापासनं त्यांची चव गेलीया. गोड कळत न्हाय, खारट कळत न्हाय, वास बी येत न्हाय. तिखट तेवढं कळतं, झोंबतं म्हनून."

"अडीच म्हैनं झालं," सारजाबाई म्हणाल्या. "आमटी, भाजी, समदं ही चाखून सांगती. मी नुसती ढवळती. मागल्या गुरवारी आमी दोगी बाजाराला म्हनून गेलो, तवा डॉक्टरला दाखिवलं. म्हनला, नस दुखावलीया. यील म्हनला, न्हायतर न्हाय बी यायची."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? गावात लगीन असलं की आचारी डाव घिऊन माज्याकडं येतो, काकू, मीठ बगा म्हनून. ही बातमी फुटली तर मला कोन इचारंल? आन तुमच्या प्वाटात कवा काय ऱ्हायलंय?" त्यांनी नाक ओढलं. "दोन पातेली कशाला म्हनून तुमची प्याली. बाळगुटी काय आन डांबर काय, मला समदं पानीच."

आपण मरत नाही, हे तात्यांच्या डोक्यात आत्ता कुठं शिरलं होतं आणि त्याचा आनंद करावा असं काही त्यात उरलं नव्हतं. गेले आठ दिवस ते स्वतःच्या मरणावर पहारा देत बसले होते. बायकोच्या तोंडची चव गेली तिकडं त्यांचं लक्षसुद्धा गेलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी खारट कॉफीचा पेला उचलला, उरलेला अर्धा स्वतः प्यायले आणि ठसका लागून पार लाल झाले. सुकन्येनं पाणी आणलं.

पुढच्या रविवारी चारच्या आधीच तात्या स्वयंपाकघरात हजर झाले. फळीवरून दुसरं पातेलं स्वतः काढलं, त्यात दूध ओतलं आणि डब्यातलं जायफळ सारजाबाईंच्या हातात दिलं.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "उगं दूध वाया."

"कर म्हनलं न्हवं? मी चाखतो."

"तुमी? तुमी तर जल्मात तोंडाला लावली न्हाय."

"वास अठ्ठावीस वरसं घेतलाय. कर."

सारजाबाईंनी साखर घातली, सवयीनं, हाताच्या अंदाजानं. जायफळ किसलं. साय धरली तशी कॉफी बशीत ओतून तात्यांपुढं धरली आणि त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत बसल्या. आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता. हा माणूस आपली कीव करून गोड बोलेल, याचीच त्यांना धास्ती होती.

तात्यांनी फुंकर मारून घोट घेतला. तोंडात घोळवला. नाक मुरडलं, डोळे मिटले, मान झटकली.

"कशी लागतीया?" सारजाबाईंनी हळूच विचारलं. "खरं सांगा."

"बाळगुटी!" तात्या ओरडले. "निव्वळ बाळगुटी! येवडं जायफळ? आता पाळना हलवायला मानूस बोलवाय पायजे. हे प्येतात तरी कसं मानसं?"

सारजाबाईंनी बशी त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"म्हंजी बरूबर जमलीया," त्या म्हणाल्या, आणि फुंकर मारून प्यायला लागल्या.