पोटातला सुटलेला टाका

मी एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आहे. मित्रांनो, दुसऱ्यांच्या बातम्या सांगण्यात माझं आयुष्य गेलं. स्वतःची गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच वाटते. चुकलो तर सांभाळून घ्या.

विश्रांतवाडीचे शिंपी सिराजभाई यांनी मला लग्नाच्या वर्षी आणलं. खूप वर्षं माझे लाड झाले. मग माझ्या पोटातल्या एका तारेचा टाका सुटला आणि मी मध्येच गप्प होऊ लागलो. सिराजभाईंचा मुलगा आफताब तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने चिडून माझ्या पाठीत चापट मारली. तार हलली, मी बोललो.

"बघा अब्बा, मारलं की चालतो!"

त्या दिवशी मी गप्पच राहायला हवं होतं. त्यानंतर पंख्याला बुक्की, दुकानाच्या शटरला लाथ, वर्गातल्या मुलाच्या कानाखाली. आफताबचा हात थांबलाच नाही.

पुढे सिराजभाईंची दृष्टी गेली आणि शिवणकाम सुटलं. घर त्यांच्या मुलीच्या, शाइस्ताच्या, पगारावर चालू लागलं. गच्चीवरच्या खोलीत बसून ती एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवते. तिचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येतं. ती या वरच्या खोलीत बसू लागल्यापासून ते रोज सकाळी तुटायचं, साडेनऊला परत यायचं, बाराला पुन्हा तुटायचं. आफताबने मोडेमला इतक्या चापटा मारल्या की त्याचं कवच फुटलं. शेवटी ऑफिसने कळवलं, "सोमवारी लाइन तुटली तर मंगळवारपासून येऊ नका."

सोमवारी आठ वाजता टेलिफोनचा लाइनमन सीताराम गच्चीवरच्या खोलीत आला. घरचे तिघेही तिथेच होते; फळीवर मीही होतो, गप्प पडलेला. त्याने तपासणीचा फोन तारेला जोडला, कानाला लावला आणि हसला.

"लाइनवर कुणीतरी उसाविषयी बोलतंय."

"हसतोस काय? माझ्या बहिणीची नोकरी चाललीय!" आफताब ओरडला.

"ओरडल्यानं तार घाबरत नाय, साहेब."

आफताबने त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. सीतारामने त्याच्या पोटात गुडघा घातला. "भाईजान, सोडा!" म्हणत शाइस्ता मध्ये पडली. कुणाचं तरी कोपर लागून तिचा ओठ फुटला. आफताबच्या हाताला फळीवरचा मी लागलो. त्याने मला सगळी ताकद लावून फेकलं. माझा कोपरा सीतारामच्या कपाळात रुतला. हाड लागलं, ते मला कळलं. मग मी फरशीवर आदळलो आणि, सांगायला लाज वाटते, त्या आदळण्याने बोलू लागलो.

"...उसाच्या खोडव्याला पाणी देताना..."

शेजारी पडलेल्या तपासणीच्या फोनमधून बारीक आवाज आला, "...खोडव्याला पाणी देताना..."

आफताबने पुन्हा मूठ उगारली होती. रक्ताने भरलेलं बोट वर करून सीताराम म्हणाला, "गप्प! ऐका जरा."

सगळ्यांनी ऐकलं. दोन्हीकडे तेच शब्द होते.

"ताई, लाइन किती वाजता परत येते?"

"साडेनऊला. बाराला जाते."

"साडेनवाला रेडिओ केंद्राचं सकाळचं प्रसारण संपतं, बाराला दुपारचं सुरू होतं. केंद्राच्या लहरी तारेत शिरत्यात. दोन तारा एकमेकींत पिळलेल्या असल्या, तर त्या पिळाच्या तारेत सहसा शिरत नाय. गच्चीवर ही बिनपिळाची तार कुणी ओढली?"

आफताब पुटपुटला, "मीच. स्पीकरची उरली होती."

"आधी दवाखान्यात चला," सिराजभाई म्हणाले.

"आधी लाइन, चाचा. नायतर नोकरीबी जायची आणि माझा मारबी फुकट."

कपाळाला टॉवेल बांधून त्याने पिळाची तार घातली. नऊला शाइस्ता सुजलेल्या ओठाने पहिल्या ग्राहकाशी बोलली. साडेनऊपर्यंत मी फरशीवरून बोलतच होतो. लाइन तुटली नाही. मग आफताब सीतारामला स्कूटरवरून दवाखान्यात घेऊन गेला. पोलिसात तक्रार करायची की नाही, हे सीतारामने अजून सांगितलेलं नाही.

परवा मी पुन्हा गप्प झालो. आफताबचा हात उठला. मी पाठ आवळून घेतली. पण तो हात स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेला. पाठ उघडल्यावर सिराजभाईंनी माझ्या पोटात बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा बघ, इथे टाका सुटलाय."

"एवढाच?" आफताब म्हणाला. त्याचा आवाज मला रडवेला वाटला.

मित्रांनो, उपदेश करायचा मला अधिकार नाही. मार खाऊन मी बोलत राहिलो, हा दोष माझाही आहे. तरी विनंती करतो, कुणी गप्प झालं तर मारू नका, आत काय सुटलंय ते बघा. सीतारामच्या कपाळावर पाच टाके पडले. माझ्या पोटात एकच हवा होता.