चौदा चिठ्ठ्यांचा संसार

अकरा मार्च, मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेमागील खोलीत टेबलावर चौदा चिठ्ठ्या मांडलेल्या होत्या, आणि दारातल्या पाहुण्यांच्या चपला मोजाव्यात तसे मामा त्या मोजत होते.

प्रयोगशाळेचा सारा कारभार सांभाळणारा प्रोग्राम मामांनी नऊ वर्षांत एकहाती लिहिला होता : एकच, अखंड, अकरा हजार ओळींचा. एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते आणि तो भाचीच्या गळ्यात पडणार होता. भाचीला मात्र तो मोडून चौदा छोटे, सुटे, एका पातळीवरचे प्रोग्राम हवे होते. आठवडाभर खपून तिने तसा नमुना उभाही केला होता; टेबलावरच्या एकेका चिठ्ठीवर त्यातल्या एकेका प्रोग्रामचे नाव होते.

"नोंदणी वेगळी, छपाई वेगळी. एक बंद पडला तरी बाकीचे चालू," भाची म्हणाली.

"चौदा बिऱ्हाडं थाटलीस, बाईसाहेब. सांभाळणार कोण?"

"मी."

"एकटी?"

"तुमच्या अकरा हजार ओळींत शिरण्यापेक्षा बरं. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, मामा!"

तेवढ्यात तंत्रज्ञबाई एक अहवाल नाचवत आत आल्या. "हे बघा! सोळा दिवसांचं बाळ, आणि वय छापलंय शून्य वर्षं. आई विचारतेय, आमचं बाळ तुमच्या लेखी जन्मलंच नाही का? पाचच्या आत दिवस छापून द्या."

मामांनी बाह्या सरसावल्या. "चल, दोघंही करू. आपापल्या प्रोग्रामात."

भाचीला चौदापैकी नऊ प्रोग्रामांना हात लावावा लागला. चार वाजता तिचा कागद बाहेर आला : वय सोळा वर्षे. नोंदणी दिवस पाठवत होती. छपाईच्या मात्र ते गावीही नव्हते.

"बाळाला मिसरूड फुटलं की गं!" मामा म्हणाले.

मामांचा तर कागदच आला नाही. वयाचा हिशेब एकतीस ठिकाणी होता. तीस जागा त्यांनी बदलल्या, एक राहिली, आणि त्या एकीपायी अख्खा प्रोग्राम रुसून बसला.

"या एकतीस जागा लिहून कुठे ठेवल्यात?" भाचीने विचारले.

"लिहायच्या कशाला? डोक्यात आहेत."

"आणि एक तारखेपासून?"

मामा पुन्हा ओळी चाळू लागले. नऊ वर्षे ज्याचा अभिमान बाळगला, ते सारे एकतीस तारखेला त्यांच्याबरोबर घरी जाणार होते.

एकतिसावी जागा पाचला सहा मिनिटे कमी असताना सापडली, आणि बाळ कागदोपत्री अखेर जन्मले. तंत्रज्ञबाई गेल्यावर मामांनी चिठ्ठ्या पुढे ओढल्या.

"आज ज्या प्रोग्रामांना एकदम हात लावावा लागला, त्यांच्या चिठ्ठ्या एकावर एक ठेव."

बाकीच्या चिठ्ठ्यांचीही तशीच छाननी झाली. शेवटी टेबलावर चार गठ्ठे उरले.

"प्रोग्राम एकच. आत चार खोल्या," मामा म्हणाले. "वय एकाच खोलीत काढायचं. बाकीच्यांनी दार वाजवून विचारायचं."

"मग तुमच्या ओळी कापाव्या लागतील."

"काप. कात्री तुझ्या हातात. मी नुसता शेजारी बसतो." मग ते म्हणाले, "जरा हळू काप, म्हणजे झालं."

एक एप्रिलला मामा दिवसभर घरी फोनकडे डोळे लावून बसले होते. प्रयोगशाळेतून त्या दिवशी एकशे बारा अहवाल गेले. मामांना आलेले फोन : शून्य.