मधला जिना

"मॅडम, मला रजेबद्दल बोलायचंय," सून पुन्हा म्हणाली.

मालकीणबाईंनी ओठांत धरलेल्या टाचण्या तळहातावर काढल्या. "बाळंतपण ही घरची गोष्ट आहे. घरच्या गोष्टी घरी बोला." टाचण्या परत ओठांत धरून त्या गिऱ्हाइकाच्या बाहीकडे वळल्या.

सून चरफडत कापडाकडे वळली. कोटांच्या त्या दुकानात कापड बेतायचं काम तिचं, आणि सातव्या महिन्यात तिच्याआधी तिचं पोटच टेबलाला जाऊन टेकत होतं. खडूची रेघ मारायलाही आडवं उभं राहावं लागे. पण बोलायची सोय नव्हती, कारण मालकीणबाई म्हणजे तिची सख्खी सासू. दुकान खाली, घर वर, मध्ये जिना. दोन्हींची सरमिसळ करायची नाही, असा सासूबाईंचा नियम होता. खाली त्या 'मॅडम', सुनेला अहो-जाहो करणाऱ्या. जिना चढला की 'आई'. एरवी नियम सोयीचाच होता. भाजी करपली म्हणून गिऱ्हाइकासमोर पाणउतारा होत नसे, की बाही चुकली म्हणून जेवताना बोलणी खावी लागत नसत. पण रजेचा विषय निघाला आणि या नियमाने तिचा पार चेंडू करून टाकला.

कारण आदल्या दिवशी वर, जेवताना तिने तोंड उघडलं, तर आई म्हणाल्या, "अगं, रजा म्हणजे दुकानाचं काम ना? ते खाली. तू आधी जेव. दोन जीवांची आहेस." आणि मायेने आणखी भात वाढला.

"तू तरी बोल ना काही," तिने नवऱ्याला कोपरखळी मारली.

"तुम्ही दोघी बघा काय ते," तो ताटात बघत म्हणाला. या घराण्यात सरळ उत्तर द्यायचं वळणच नाही, अशी तिची खात्री पटली.

आता खडू खाली पडला म्हणून ती कशीबशी वाकली, तर टेबलाखाली टोपली. अस्तराचे तुकडे काढून कुणीतरी आत मऊ गादी घातली होती. म्हणजे बाळंतपणानंतर बाळ टोपलीत आणि ती आठवड्याभरात कात्रीवर! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोपली उचलून ती तरातरा निघाली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर ठाण मांडून बसली.

दुपारी जेवायला वर निघालेल्या सासूबाईंची वाटच अडली. "उठा."

"नाही उठणार. हे दुकानही नाही आणि घरही नाही. इथे तरी ऐका. मला तीन महिने बाळाजवळ राहायचंय. आणि परत येईन तेव्हा माझं टेबल मलाच हवंय. माझं पोर टोपलीत नाही वाढवायचं मला!"

"तुझा नवरा याच टोपलीत वाढला. आठवड्यात मी मशीनवर होते. मला कोण रजा देणार? मालकीण मीच."

"मग त्याचा वचपा माझ्यावर काढताय?"

सासूबाई चिडतील असं तिला वाटलं. पण त्या दोन पायऱ्या चढून, कठड्याला धरून खाली टेकल्या.

"टोपलीत मावेना, तेव्हा त्याला वर ठेवलं, माझ्या आईपाशी. एकदा मी एकाचं माप घेत होते आणि डोक्यावर पावलं वाजली. इवलीशी. मग धप्पकन आवाज, मग आई हसली. मला कळलं, चालायला लागला." त्यांनी वर छताकडे पाहिलं. "तोंडात टाचण्या होत्या. गिऱ्हाईक म्हणालं, खांदा जरा सैल ठेवा. मी मान हलवली."

सुनेच्या मनात अजून पुष्कळ राग होता, पण तो कुणावर काढावा, हेच तिला कळेना.

"तीन महिने," सासूबाई उठत म्हणाल्या. "तुझ्या टेबलाला कुणी हात लावणार नाही. आण ती टोपली. अस्तरं जमिनीवर पडलीत." आणि न जेवताच टोपली काखोटीला मारून त्या खाली गेल्या.

सून वर आली. तिने ताट वाढून घेतलं, पाणी आणलं, खिडकी लावली. खाली मशीन सुरू होतं. तिची पावलं वाजू लागली की ते थांबे, ती थांबली की पुन्हा सुरू होई. हे लक्षात आलं तेव्हा तिला सपाटून भूक लागली होती. तरीही ताट हातात धरून ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली.