गप्प असेल तो आधी

लढाईत तो अँब्युलन्स चालवायचा. गाडीत जागा दोन स्ट्रेचरची आणि रस्त्याकडेला जखमी वीस. आधी कुणाला उचलायचं? त्याचा नियम सोपा होता. जो ओरडतोय त्याच्या छातीत हवा आहे, तो थांबेल. जो गप्प आहे तो आधी. अशी इतकी माणसं त्याने वाचवली, की म्हणे खुद्द यमाने वरच्या साहेबांकडे त्याची लेखी तक्रार केली.

लढाई संपली. ज्या खड्ड्यात त्याची गाडी सतरा वेळा रुतली होती, तिथला पांढरा, गुळगुळीत दगड त्याच्या डोक्यात घर करून बसला होता. ते निघालं शंखजिरं. दळलं की रंगाला, रबराला, कागदाला, अंगाच्या पावडरीला, सगळ्याला लागतं. त्याने गिरणी टाकली आणि पाहता पाहता अर्ध्या देशाच्या काखा कोरड्या केल्या.

"डॉक्टर, रंगवाला फोनवर बोंबलतोय!" मुकादम धावत यायचा. उभ्या जन्मात सुई टोचली नव्हती, पण कामगार त्याला डॉक्टरच म्हणत.

"बोंबलतोय ना? मग माल त्याला आपलाच हवाय. कागदवाला महिनाभर गप्प आहे, त्याच्याकडे गाडी काढ."

गिऱ्हाईक एकही सुटलं नाही. घोटाळा झाला तो घरात. बायको लवकर गेली आणि मुलगी भलतीच बडबडी.

"बाबा, आधी माझं ऐका ना!" ती दारातून ओरडायची. आवाज खणखणीत आहे म्हटल्यावर तो निर्धास्तपणे गिरणीत जायचा. लग्नानंतर ती दर रविवारी फोनवर भांडायची, "येणार कधी? की त्या भुकटीतच पुरून घेणार स्वतःला?" तो हसायचा. त्या भांडणावर त्याचा आठवडा निघायचा.

मग एका रविवारी ती म्हणाली, "सगळं ठीक आहे, बाबा." पुढच्या रविवारीही तेवढंच. मालाने भरलेला ट्रक तसाच काढून तो दिवसभर हाकत तिच्या दारात पोचला, केसांपासून बुटांपर्यंत पांढराफटक.

"अगंबाई! काय झालं?"

"तू गप्प होतीस."

"हो, भांडण सोडलं मी. किती वर्षं घसा फोडायचा? माझं छान चाललंय, खरंच. बसा, चहा टाकते."

त्याने तिला नीट निरखलं. जखम कुठेच नव्हती. ती खरंच मजेत होती.

तो बसला. तिकडे घर फार मोठं वाटतं गं, एवढंच सांगायचं होतं, पण तो बाहीवरची भुकटी झटकत राहिला.

चहा देताना ती म्हणाली, "किती शांत झालात हो बाबा! बरं वाटलं बघून." आणि शेजारणीने हाक मारली तशी गप्पा मारायला बाहेर गेली.