एकदाच बुडवलेली जुडी

कॅन्टीनच्या कंत्राटदाराची जिरवायची, याशिवाय मावशीच्या डोक्यात तीन महिने दुसरं काही नव्हतं. कारखान्यात सगळे तिला मावशीच म्हणत. ती कॅन्टीनमध्ये भाज्या धुवायची, चिरायची आणि सकाळी कामगारांसाठी हिरव्या पानांचा कच्चा रस काढायची. तिचा लेक त्याच कारखान्यात वेल्डर. आईच्या हातचा म्हणून त्याला एक ग्लास जास्त मिळायचा. तोच लाड नडला.

आधी त्याचं डोकं दुखायला लागलं. मग मान आखडली, अंगावर चादरही सहन होईना. एका सकाळी तो मशीनजवळ झोकांड्या खात पडला, आणि कंत्राटदार सगळ्यांसमोर म्हणाला, "सकाळी सकाळी लावून आलाय!" झालं. थेंबाला न शिवणारा माणूस दारुडा ठरला, नोकरी गेली. सून पोरीला घेऊन माहेरी निघून गेली.

इस्पितळात पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं तेव्हा खरं कळलं. डॉक्टरीणबाईंनी मावशीला समजावून सांगितलं, "उंदराच्या फुफ्फुसातला जंत आहे हा. उंदराच्या लेंड्यांतून तो गोगलगायीत जातो, गोगलगाय पानावर बसते, आणि ते पान कच्चं पोटात गेलं की जंत थेट मेंदू गाठतो. तुमच्या मुलानं कच्ची पानं खाल्ली होती का?"

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. पानं कॅन्टीनच्या मागच्या वाफ्यातली. तिथे गोगलगायींचा सुळसुळाट. ती पहिल्यापासून म्हणत होती, जुडी सोडून एकेक पान धुऊ दे. पण कंत्राटदाराचा हुकूम होता: "दोरा सोडायचा नाही. जुडी टबात एकदा बुडवायची की मिक्सरमध्ये. तुमचं सोवळं घरी ठेवा." आणि तिनं ऐकलं होतं! स्वतःच्या हातानं ग्लास भरून लेकाला दिला होता. कंत्राटदारावर जेवढा राग, तेवढाच तिचा स्वतःवर होता.

तिनं रिपोर्ट नेऊन कंत्राटदाराला दाखवला. त्यानं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "गोगलगायीनं कुणी वेडंवाकडं चालतं का? पोराची व्यसनं झाकू नका, मावशी." चोराच्या उलट्या बोंबा! पण रोज रसाचा पहिला ग्लास पिणारा हा गडी दुसऱ्या दिवसापासून चहावर आला. मावशीनं ते बरोबर हेरलं. खाई त्याला खवखवे.

पुढे आणखी दोघांची डोकी दुखायला लागली, मानाही आखडल्या. कुजबुज वाढली तशी मॅनेजरनी दुपारच्या जेवणाला सगळ्यांना थांबवलं. कंत्राटदार छाती काढून म्हणाला, "माझ्या रसात खोट? मी स्वतः तुमच्यासमोर पितो. मावशी, आणा ग्लास!" आत येऊन मात्र हळूच म्हणाला, "आज जरा नीट धुवा हं." मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्या जिवासाठी पानं नीट धुवायची, आणि माझ्या लेकासाठी टबात एक बुचकळी?

तिनं जुडीचा दोरा सोडला. आतल्या पानाला नखाएवढी गोगलगाय चिकटलेली होती. मावशीनं ती सुरीच्या टोकावर घेतली. मिक्सरचं झाकण उघडंच होतं. "आता ये म्हणावं, झोकांड्या खात," ती पुटपुटली. बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

मग ग्लास घेऊन ती बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घ्या शेठ. रोजच्यासारखाच केलाय. तुम्ही सांगता तसा, दोरा न सोडता, जुडी एकदाच बुडवून."

कंत्राटदाराच्या तोंडचं पाणी पळालं. ग्लास ओठापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"प्या की," मॅनेजर म्हणाले.

"पण मी... मी म्हटलं होतं ना नीट धुवा म्हणून!"

"का बरं, शेठ?" मावशीनं विचारलं. "रसात तर खोट नाही ना?"

त्यानं ग्लास टेबलावर आपटला. "अक्कल आहे का तुम्हाला? हे पिऊन माझीही तुमच्या पोरासारखी गत झाली म्हणजे?"

मॅनेजरनी चमचा खाली ठेवला. आपण काय बोलून बसलो हे कळलं तेव्हा कंत्राटदार ततपप करायला लागला, पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. मावशीनं तोच ग्लास उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"एकेक पान पाठपोट बघून धुतलंय," ती म्हणाली. "वर उकळत्या पाण्यातून काढलंय. घाबरलात उगाच."

त्याच संध्याकाळी लेकाच्या जोडीचे दोन वेल्डर सुनेच्या माहेरी गेले आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं तिला सांगून आले. कंत्राटदाराला फाटकाच्या आत घ्यायचं नाही, असा हुकूम निघाला.

लेक अजून भिंत धरूनच चालत होता. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "आई, गोगलगाय हातात होती. का नाही टाकलीस?"

"टाकणारच होते," मावशी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण तो आजारी पडला असता ना, तर त्याला कुणी दारुडा म्हटलं नसतं. बिचारा म्हणाले असते. फळं घेऊन भेटायला गेले असते त्याला. आता कुत्रं विचारणार नाही."