थोरल्या भावाची बाजू

शांतवन लोखंडेला आपल्या प्रवचनांचा अभिमान होता, आणि तो अगदीच फुकाचा नव्हता. सेमिनरीत असताना बोलण्याचं पहिलं बक्षीस त्यानं मिळवलं होतं. प्रत्येक प्रवचनाचे तो तीन मुद्दे काढी आणि तिन्ही एकाच अक्षरानं सुरू होतील अशी तजवीज करी. तिसरा मुद्दा कधीकधी शेपटीला धरून ओढून आणलेला असे, पण तोवर ऐकणारे दमलेले असल्यामुळं कुणाच्या ते लक्षात येत नसे.

नगरकडचा हा तरुण पाळक त्र्याहत्तरच्या दिवाळीच्या सुमारास बायकोला घेऊन हिवरमाळला आला. हिवरमाळ आटपाडीहून विट्याकडं जाताना लागतं. गावाच्या एका अंगाला ख्रिस्ती मंडळींची घरं, त्यांच्या दोन आळ्या, वरली आणि खालची, आणि मधोमध पत्र्याचं छपर असलेलं छोटं देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. देवळामागं पाळकाच्या दोन खोल्या.

पहिल्याच रविवारी त्यानं उपासनेला उभं राहून गायन सांगितलं आणि ते दोन ठिकाणी सुरू झालं. बायकांच्या बाजूला पुढं बसलेल्या जाईबाईनं ते उंच पट्टीत घातलं. त्याच क्षणी मागं भिंतीला टेकलेल्या बायडाबाईनं ते खाली घातलं. वरली आळी जाईबाईच्या मागं गेली, खालची बायडाबाईच्या. ढोलकीवाला यल्लाप्पा खालच्या आळीचा मुलगा आणि वरल्या आळीचा जावई. तो बिचारा दोन्हीकडं बघत मधेच एखादी थाप मारी आणि माफी मागितल्यासारखा हसे. वरली आळी आधी संपली. खालची मागून सावकाश पोचली आणि मग सगळे, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, पाळकाकडं बघू लागले.

"हे काय आहे?" घरी आल्यावर शांतवननं बायकोला विचारलं.

विजयमाला साताऱ्याची होती. चार दिवसांत तिनं आडावर पाणी शेंदता शेंदता सगळं काढून आणलं. काही वर्षांमागं विट्याला नाताळात गायनांची चढाओढ झाली होती. हिवरमाळकडून जाईबाई आणि बायडाबाई दोघी उभ्या राहिल्या. जाईबाईनं पट्टी इतकी वर घातली की दुसऱ्याच ओळीला बायडाबाईचा आवाज फाटला आणि मांडव हसला. बायडाबाईचं म्हणणं, तिनं मुद्दाम केलं. जाईबाईचं म्हणणं, गळ्यात ताकद नव्हती तर आली कशाला? तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्यांच्यापायी दोन्ही आळ्याही.

"एवढंच ना," शांतवन म्हणाला आणि त्यानं बाह्या सरसावल्या.

पुढच्या रविवारी त्यानं क्षमेवर प्रवचन केलं. त्याच्या पुढच्या रविवारी नम्रतेवर. देवळात जाऊन स्वतःचीच स्तुती करणाऱ्या गर्विष्ठ माणसाचा दाखला त्यानं असा रंगवून सांगितला की पुरुषांच्या बाजूला कुणीतरी "अगागा" म्हटलं. उपासना सुटल्यावर जाईबाई पदराआडून अंडी घेऊन आली.

"पाळकसायेब, आज लय ब्येस बोललासा. नाव न घेता असं हाणलंसा की बास! मागं वळून बघितलं म्या. मान वर केली न्हाई तिनं."

ती गेली न गेली तोच बायडाबाई ताकाचा तांब्या घेऊन दारात.

"आवं, त्या गर्विष्ठ माणसाचं तुमी सांगत हुता, तवा मला त्यो डोळ्याम्होरंच दिसत हुता. हिरवं लुगडं नेसून बसल्याला."

अंडी आणि ताक दोन्ही चांगलं होतं, पण शांतवनला ते गोड लागलं नाही. त्यानं आणखी जोर लावला. त्या हिवाळ्यात हिवरमाळच्या मंडळीनं ऐक्य, प्रेम, सहनशीलता, जिभेवरचा ताबा, सगळं ऐकलं. जितकं ऐकलं तितकं भांडण धारदार झालं. आधी आडावर दोघी नुसत्या तोंड फिरवायच्या. आता तोंड फिरवून, "पाळकच म्हणलं, जिभंला लगाम पायजे," असं हवेत सोडून द्यायच्या.

"तुम्ही दर रविवारी दोघींना दारूगोळा पुरवताय," विजयमाला म्हणाली.

"मग काय, बोलणं बंद करू?"

"तसं म्हटलं का मी?" असं म्हणून ती अंडी फोडू लागली. पण तिनं तसं म्हटलं नाही असंही तिनं म्हटलं नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी वावटळ उठली. तिनं देवळाचं छपर उचललं आणि माळावर फेकून दिलं. काही पत्रे ओढ्यापलीकडं सापडले. एक तर हंबीरराव पाटलांच्या उघड्या गोठ्यावर जाऊन इतका नेटका बसला होता की पाटील म्हणाले, "देवानंच दिलाय म्हणायचं, राहू द्या की." बाकीचे गोळा झाले, पण आटपाडीचा सुतार ज्योतिबा लग्नसराईच्या मांडवांत अडकला होता. सवड झाल्याशिवाय येणार नव्हता.

आता उपासना कुठं घ्यायची? जाईबाई म्हणाली, माझं अंगण मोठं हाय. खालची आळी म्हणाली, तिच्या अंगणात आम्ही पाय ठेवणार न्हाई. बायडाबाईनं आपला सोपा देऊ केला. वरली आळी म्हणाली, त्यापरास उन्हात बसू. शांतवननं दोन दिवस दोन्ही आळ्यांत येरझाऱ्या घातल्या. त्याचा घसा सुकला, निकाल लागला नाही.

शेवटी नानासो पुढं आले. ते फौजेतून पेन्शनीत आलेले. त्यांच्या घरानं छप्पन्न सालानंतर बौद्ध धर्म घेतला होता. त्यांच्या सोप्यात बुद्धाची तसबीर होती. पण भावकी तीच होती. बायडाबाई त्यांची चुलतबहीण लागे आणि जाईबाई शेजारीण.

"आमच्या अंगणात बसा," ते म्हणाले. "लिंब हाय, सावली हाय. इथं कुणाचं कुणाला वरचढ न्हाई. फकस्त डिशिप्लीन पायजे."

यावर कुणाला नाही म्हणता येईना.

रविवारी सतरंज्या अंथरल्या गेल्या. एका कडेला शेळ्या, एका कडेला सरपणाचा ढीग, मधे लिंबाची सावली. सुरुवातीला दोन्ही आळ्यांनी मधे भरपूर अंतर ठेवलं. पण मेमधलं ऊन कुणाची आळी बघत नाही. सावली आखडली तशा बायका बसल्याबसल्या सरकू लागल्या. गायन नेहमीप्रमाणं दोन तोंडांनी झालं. प्रार्थना झाली, तोवर जाईबाई आणि बायडाबाई यांच्या मधे एक कोंबडी सुद्धा अंग चोरून गेली असती.

शांतवननं बापाचं घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाचा दाखला घेतला होता. पाप, पश्चात्ताप, पुनर्मीलन. तो पश्चात्तापावर चांगला तापला होता, तेवढ्यात दाराशी बाजेवर बसलेल्या नानासोंनी हात वर केला.

"पाळक, एक सवाल."

शांतवनला प्रवचनात आजवर कुणी अडवलं नव्हतं. "नानासो, उपासना झाल्यावर..."

"मागनं इसरंन मी. त्यो थोरला भाऊ हाय बगा. त्येचं काय चुकलं? धाकटा सगळं उडवून आला, त्येला नवी कापडं, मेजवानी, वाजाप. थोरला रानात राबत हुता, त्येला कुणी सांगायलाबी गेलं न्हाई. घराजवळ आल्यावर बाहीरनं वाजाप ऐकून त्येला कळलं. ह्ये बराबर न्हाई."

शांतवननं तोंड उघडलं. बापाची माया असा काहीतरी शब्द त्यात तयार होता. पण तो बाहेर पडायच्या आत जाईबाई बोलली.

"खरं बोललं नानासो! धाकट्याचंच कवतिक समदीकडं. आमच्या घरी मी थोरली. आई लवकर गेली. पाणी म्या आणायचं, भाकरी म्या थापायच्या, आन् धाकटी नटूनथटून म्हसवडच्या जत्रंला. तिला कुणी कवा इचारलं न्हाई, म्हशीला वैरण कुणी घातली म्हणून."

"माझं तरी काय येगळं?" बायडाबाई म्हणाली. ती नानासोंना सांगत होती, पण बोलता बोलता मान जाईबाईकडं वळली. "मी थोरली सून. धाकटी जाऊ माहेराला गेली की म्हैनंम्हैनं यायची न्हाई. आली की सासू म्हणायची, पोरगी वाळली गं, तिला तूप वाढ. वाढायचं कुणी? म्या!"

"तूपबी तूच कढवल्यालं आसंल," जाईबाई म्हणाली.

"मंग!"

दोघी हसल्या. हसल्यावर दोघींनाही आपण कुणाशी हसलो ते कळलं, पण आता उशीर झाला होता.

शांतवन आधी चिडला. पुनर्मीलन हा मुद्दा अजून हातात तसाच होता. मग त्याच्या मनात आलं की इतके महिने आपण या बाईकडून अंडी घेतली, आणि ती आईविना वाढली हे आपल्याला आज कळतंय, तेही आपण गप्प बसल्यामुळं. तो शेजारच्या उखळावर बसला.

"पर मंग बापानं काय करायचं?" यल्लाप्पानं विचारलं. "पोरगं दारात हुभं. हाकलायचं व्हय?"

"हाकल म्हणलं का कुणी?" बायडाबाई म्हणाली. "आदुगर रानात जायचं, थोरल्याला सांगायचं, बाबा, त्यो आलाय, चल घरला. एवढंबी कळू नये बापाला?"

"सांगायचं तरी!" जाईबाई म्हणाली.

यावर पुरुष उठले. म्हणजे बसूनच, पण तावातावानं. एकजण बापाच्या बाजूनं, तिघं थोरल्याच्या. नानासोंनी दोनदा डिशिप्लीनची आठवण करून दिली आणि तिसऱ्यांदा स्वतःच सगळ्यांहून मोठ्यानं बोलले. शेवटी बायडाबाईनं विचारलं, "पाळकसायेब, मंग त्यो थोरला आत गेला का न्हाई?"

सगळे शांतवनकडं बघू लागले.

"ते सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"बाप बाहेर येतो, त्याची समजूत घालतो. तिथं गोष्ट थांबते. पुढं तो आत गेला की नाही, शास्त्रात लिहिलेलं नाही."

शेळीनं सतरंजीचं टोक तोंडात घेतलं, तरी कुणी हटकलं नाही.

"गेला आसंल," जाईबाई म्हणाली. "किती येळ हुभा ऱ्हाईल? जेवान निवतंय."

"आपनहून कसा जाईल?" बायडाबाई पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली. "इतका येळ रुसून हुभा ऱ्हायल्याला माणूस. लाज वाटती. कुणी हाताला धरलं तर जाईल."

शांतवनच्या जिभेच्या टोकावर त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर तात्पर्य आलं. त्यानं विजयमालाकडं पाहिलं. तिनं डोळे इतके मोठे केले की तो ते तात्पर्य गिळून बसला. नुसतं म्हणाला, "गायन म्हणू या."

कुणीच सुरू केलं नाही.

"घाल की," बायडाबाई म्हणाली.

"तू घाल."

"आगं, तुझ्याच्यानं वर जातंय, तू घाल. इट्याला घातलंस की."

जाईबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"भ्याले हुते गं मी तवा. एवढी माणसं कवा बघितली हुती? भ्याले की माझा आवाज वर पळतो."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलंस कवा?"

"आवं, कुणीतरी म्हणा!" नानासो बाजेवरून ओरडले. "माझी भाकरी थांबलीया."

मग दोघींनी मिळून सुरुवात केली. पट्टी मधली धरली, त्यामुळं जाईबाईला ती खाली पडे आणि बायडाबाईला वर. गायन काही फार गोड झालं असं नाही. पण ते एकदाच सुरू झालं आणि एकदाच संपलं. यल्लाप्पानं तर अशी ढोलकी बडवली की शेळ्या सरपणाच्या ढिगावर चढल्या.

पुढं ज्योतिबा आला, पत्रे ठोकले गेले आणि मंडळी देवळात परत गेली. दोन्ही आळ्यांत लगेच रामराज्य आलं असं कुणी समजू नये. सतरंज्या कुणी धुवायच्या यावरून श्रावणात पुन्हा खटका उडाला, पण तो आठवड्यात मिटला, कारण आता भांडायलाही दोघी समोरासमोर बसत. शांतवन मात्र बदलला. तो प्रवचन अर्धंच तयार करी. उरलेलं मंडळीच करत. आठवड्यात तो घरोघर जाऊन बसे आणि विचारी, "मग? तुमचं काय?" लोकांना सुरुवातीला वाटलं, पाळकाला बरं नाही.

सुगीच्या सणाला सांगलीहून एक वयोवृद्ध रेव्हरंड प्रवचनाला आले. भारदस्त माणूस. देऊळ फुलून गेलं होतं, पुढं कणसं, भोपळे आणि एक बांधलेला कोंबडा असं अर्पण मांडलं होतं. रेव्हरंडसाहेब बोलू लागले आणि आवाज पत्र्यांवर घुमू लागला. शांतवनला घाम फुटला. त्यानं बायकांकडं बघून हळूच मान हलवली, आज नको.

बायडाबाईनं हात वर केला.

रेव्हरंडसाहेब थांबले. त्यांनी शांतवनकडं पाहिलं. शांतवननं कोंबड्याकडं पाहिलं.

"ह्ये जे तुमी म्हणतासा," बायडाबाई म्हणाली, "ह्ये मला पटलं न्हाई."

"मलाबी न्हाई," पुढून जाईबाई म्हणाली.

रेव्हरंडसाहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. मग व्यासपीठावरून खाली उतरून ते सतरंजीच्या कडेला येऊन उभे राहिले.

"बाई, तुमचं नाव काय? आणि काय पटलं नाही, ते नीट सांगा."

संध्याकाळची विट्याची एस.टी. त्यांच्याशिवायच गेली.