बांकाची मधली जागा

बसा. बसल्याशिवाय माझी कुणाशी ओळख होत नाही. मी बांक. तुमच्याकडे बाकडं म्हणत असतील, आमच्या गोव्यात बांकच म्हणतात. फणसाच्या लाकडाचा, चार माणसं ऐसपैस बसतील एवढा लांब. तोंड मला नाही, पण पाठ आहे. आणि माणसं माझ्या पाठीला टेकली की पोटातलं सगळं बोलतात. ते ऐकत ऐकतच मी म्हातारा झालो.

माझा जन्म शिरगावचा, डिचोली तालुक्यातला. विमलाच्या बापानं चहाचं दुकान घातलं, तेव्हा मेस्ताला, म्हणजे आमच्याकडच्या सुताराला, अंगणात बसवून मला करून घेतलं. मेस्त खिळ्यांच्या बाबतीत फार चिक्कू. सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून केले. म्हणून एवढ्या बुडांखाली सुद्धा मी अजून कुरकुरत नाही.

खाणी जोरात चालायचे दिवस होते ते. ट्रकवाले चहाला यायचे, अंगभर तांबडी माती. उठून गेले की माझ्यावर त्यांची तांबडी बैठक उमटलेली असायची, आणि विमला पुसताना बडबडायची. त्या ट्रकवाल्यांत एक गोकुळदास होता, पेडण्याकडचा, तुये गावचा. बाकीचे जागा मिळेल तिथे टेकायचे. हा मात्र नेहमी माझ्या डाव्या टोकाला, कारण तिथून आतली चूल दिसायची आणि चुलीपुढे भजी तळणारी विमला. चहा एक, पण बसणं तीन चहांचं.

विमलाच्या बापाच्या ते लक्षात आलं. एका आयतारी, म्हणजे रविवारी, स्वतःच येऊन डाव्या टोकाला बसला. गोकुळदासला उजवं टोक उरलं. तिथून नुसता रस्ता दिसतो. बिचाऱ्यानं चार दिवस रस्ता बघितला, आणि मग घरच्यांना मागणं घालायला पाठवलं.

लग्न होऊन विमला तुयेला गेली. पुढे खाणी बंद पडल्या, दुकान बसलं, विमलाचा बापही गेला. विमला मला म्हणाली, "चल, तू इथे एकटा राहून काय करणार?" गोकुळदासनं ट्रक विकायच्या आधी शेवटची फेरी केली ती मला घेऊन. तेव्हापासून मी तुयेला, त्यांच्या घराच्या सोप्यावर, तुळशीकडे तोंड करून. गोकुळदास आता कारखान्याच्या माणसांची व्हॅन चालवतो. त्यांची एकुलती लेक सेजल त्याच कारखान्यात कामाला लागली, तयार मालाची तपासणी करायला.

तिथेच तिला एरिक भेटला. नवीन मशीन बसवायला परदेशातून आला होता. त्याच्या देशाचं नाव मला कधी जमलं नाही, घरात सगळे "बर्फाचा गाव" म्हणत. उंच इतका, की माझ्यावर बसला की गुडघे छातीला लागायचे. पण माणूस बरा. चपला बाहेर काढायचा, हातानं जेवायचा, आणि माशाचं हुमण वाढलं की आधी वास घेऊन मग "बरें, आई" म्हणायचा. आई म्हणाला तेव्हाच विमला अर्धी विरघळली. तरी अर्धी शिल्लक होती.

दोघांचं ठरलं. आमच्याकडे लग्नाची आधी सरकारात सही होते. एकदा करायची, मग काही दिवसांनी पुन्हा जाऊन दुसरी. तशा पेडण्याला दोन्ही सह्या झाल्या. कायद्यानं दोघं नवरा-बायको झाली. पण त्याच महिन्यात गोकुळदासचा थोरला भाऊ वारला. वर्षभर घरात शुभकार्य करायचं नाही, असं ठरलं. विमलानं सोप्यावर सगळ्यांना ऐकवलं, "सही ती सरकारची. अक्षता पडतील तेव्हा आमचं लग्न. तोवर एरिक आपल्या खोलीवर, सेजल आपल्या घरी."

"आई, लग्न झालंय आमचं," सेजल म्हणाली.

"झालंय ना? मग पळून चाललंय काय कुठे?"

एरिकनं मान डोलवली. त्याला किती कळलं देव जाणे. पण त्यानं पाळलं. दर आयतारी जेवायला यायचा आणि माझ्या उजव्या टोकाला बसायचा. सेजल डाव्या. मधली दोन माणसांची जागा रिकामी बघून विमलाला काही चैन पडेना. शेजारी धाकूमामा राहतो, नात्याचा नाही, पण गावाचा मामा. विमलानं त्याला हाक मारली.

"मामा, आयतारी चहाला येत चला."

"दर आयतारी?"

"दर आयतारी. आणि आलात की मध्ये बसा."

धाकूमामानं हे काम असं मनावर घेतलं की काय सांगू! बरोबर मध्ये बसायचा, मांड्या फाकून, पानाचा डबा उघडून. सेजल पुढे वाकून एरिककडे बघायला लागली की मामाही पुढे वाकायचा. एरिक मागे टेकून बघायला लागला की मामाही मागे टेकायचा. माझ्या पाठीवर नुसती घासाघीस. फोटो निघाले तेही असेच. एका टोकाला सेजल, दुसऱ्या टोकाला एरिक, मध्ये पान चघळणारा धाकूमामा. चवथीला गणपतीपुढे काढला तर दोघांच्या मध्ये अख्खा गणपती.

मशीनचं काम संपलं आणि एरिकला परत जावं लागलं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचा, तेव्हा त्यानं यायचं, अक्षता पडल्या की सेजलला घेऊन जायचं, असं ठरलं. व्हिसाला वेळ लागतो म्हणून सेजलनं अर्ज आधीच केला. सहीचा दाखला जोडला, फोटो जोडले, आणि पावसाळाभर वाट बघितली.

उत्तर आलं ते विमलाच्या भावानं, सुदेशनं, सोप्यावर बसून वाचलं. इंग्रजी वाचायचा आणि मराठीत सांगायचा. व्हिसा नाकारलाय. दोघं एका घरात एक दिवसही राहिलेली नाहीत. एकाही फोटोत जवळ उभी नाहीत की बसलेली नाहीत. हे लग्न खरं आहे असं आम्हाला पटत नाही.

"आणि काय लिहिलंय, ताई," सुदेश चष्मा वर करून म्हणाला, "बऱ्याच फोटोंत दोघांच्या मध्ये एक वयस्कर पुरुष बसलेला आहे."

धाकूमामा ताठ झाला. "म्हणजे मी? माझं नाव गेलं तिकडे?"

"नाव नाही, मामा. नुसतं वयस्कर पुरुष."

"वयस्कर कोण? मी?"

कुणीच हसलं नाही. सेजल माझ्या डाव्या टोकाला बसली होती. तिचा हात माझ्या कडेला घट्ट आवळलेला मला कळत होता. "तू बसू दिलं नाहीस, आई," ती म्हणाली. "एक दिवस. एक फोटो. नाही बसू दिलंस. आता तो तिथे आणि मी इथे, नवरा-बायको म्हणे!"

विमला उठली. आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, नको तेवढा.

दुसऱ्या दिवसापासून गाव बसायला यायला लागलं. पलीकडची सत्यवती आली, टेकली आणि म्हणाली, "विमलावैनी, राग मानू नका हां. पण सही करून गेला तो गेलाच नव्हे? परदेशी माणसाचं काय, आज इथे, उद्या तिथे."

"रोज संध्याकाळी फोन करतो तो," विमला म्हणाली.

"फोन काय, कोणीही करतो. माझ्या मोबाईलवर कर्ज देणारेसुद्धा करतात."

गोकुळदास सगळं ऐकत होता. सत्यवती गेल्यावर तो बायकोला हळूच म्हणाला, "मुहूर्त पुढे ढकलूया काय गे? व्हिसाच नाही, तर अक्षता टाकून लेकीला पाठवायची खंय?" आवाज असा खाली गेलेला की मला वाटलं, हा आता माझ्यावरून उठेल की नाही.

त्या आयतारी सुदेश उपाय घेऊन आला. म्हापशाला त्याच्या ओळखीचा एक फोटोवाला आहे. "मामाला मधून काढून टाकतो, ताई, आणि दोघांना जवळ आणून चिकटवतो. ओळखायलासुद्धा येणार नाही."

"मला काढणार?" धाकूमामा म्हणाला.

विमला भडकली. "खोटा फोटो लावून लेक पाठवू? उद्या तिथे तिला विचारलं तर ती काय सांगेल, आईनं चिकटवून दिला म्हणून?" मग सुदेशकडे वळून म्हणाली, "माझ्या लग्नाचा फोटो आण बघू आतून. लग्न झालेली माणसं कशी बसतात ते मलाही बघूदे."

सुदेशनं कपाटातून फोटोंची पिशवी आणली आणि माझ्यावर सगळी ओतली. लग्नाच्या दिवशीचा एक फोटो होता, मुंडावळ्या लावून दोघं शेजारी. त्यानंतरचे सेजलनं बघायला घेतले. सेजलचं बारसं, मध्ये सेजल. शिरगावची जत्रा, मध्ये आत्या. चवथ, मध्ये गणपती. नवी व्हॅन, मध्ये व्हॅन. माझ्यावर बसून काढलेले तर कितीतरी, आणि प्रत्येकात गोकुळदास एका टोकाला, विमला दुसऱ्या. सेजल एकेक फोटो उलटत गेली. शेवटी हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आई, लग्नानंतर तुमचाही एकसुद्धा नाही गो! पप्पांच्या बाजूला तू एकदाही बसलेली नाहीस. तुमचंसुद्धा लग्न खरं नाही!"

गोकुळदास लाजला. खरंच लाजला, एवढा मोठा माणूस. विमलानं पदर सावरला आणि सेजलला म्हणाली, "मग हेच लिव त्यांना. आहे तसंच लिव. मी सांगते, तू इंग्रजी कर."

आणि तिथेच बसून तिनं सांगितलं. साहेब, आमच्या घरात नवरा-बायको चार माणसांसमोर लागून बसत नाहीत. ही माझी आणि माझ्या यजमानांची लग्नानंतरची चित्रं. एकातही आम्ही जवळ नाही. तरी आम्ही एकमेकांची आहोत, आणि ही अर्ज करणारी आमचीच मुलगी. अक्षता पडेपर्यंत तिला वेगळं ठेवणारी मी. तुमच्या मुलानं माझा शब्द राखला, म्हणून मी त्याला लेक देते. त्यानं राखला नसता तर दिली नसती.

"आणि माझं?" धाकूमामा म्हणाला. "वयस्कर पुरुषाचं कोण लिहिणार?"

सेजलनं त्याचंही घेतलं. "मी धाकू," तो म्हणाला, "दर आयतारी ह्या बांकावर मुद्दाम मध्ये बसत होतो. मला विमलानं ठेवला होता. पोरगी वाकली की मी वाकत होतो, पोरगा टेकला की मी टेकत होतो. माझी कंबर दुखायला लागली. दोघांमध्ये काही नसतं, तर एवढा त्रास मी कशाला काढला असता? विचारा."

सगळं व्हिसाच्या कचेरीला गेलं. आईबापांची चित्रं गेली, मामाचा जबाब त्याच्या अंगठ्यासकट गेला, सत्यवतीची सहीसुद्धा गेली. तिला वगळलेलं तिला चाललं नसतं. एरिकनं तिकडून आपलं सगळं जोडलं. मुहूर्त पुढे ढकलला नाही. विमला म्हणाली, "व्हिसा येवो न येवो, अक्षता पडणार. लग्न आम्ही त्या कचेरीसाठी करत नाही."

तुळशीचं लग्न झालं, एरिक आला, अक्षता पडल्या. मला अंगणात मांडवाखाली नेऊन ठेवलं होतं, पाहुण्यांना बसायला. जेवणं चालली असतानाच सेजलच्या मोबाईलवर आलं. व्हिसा मिळाला. सेजल धावत आली आणि सगळ्यांदेखत एरिकच्या अगदी शेजारी बसली. धाकूमामा सवयीनं मध्ये बसायला उठून निघाला होता. विमलानं त्याचा हात धरून त्याला परत खाली बसवलं. "जेवा तुम्ही, मामा. सुटी तुम्हाला."

सेजल गेली. सोपा काही दिवस मोठा वाटला. आता दर आयतारी तिचा फोन येतो, चित्र दिसणारा. पहिल्यांदा आला तेव्हा विमला माझ्या डाव्या टोकाला, गोकुळदास उजव्या, आणि मोबाईल आपला हातांमधून इकडून तिकडे फिरतोय. तिकडून एरिक म्हणाला, "आई, पप्पा दिसत नाय."

"सरका ना जरा!" सेजल ओरडली. "दोघं एकत्र दिसायला हवीत!"

विमलानं आधी रस्त्याकडे बघितलं. कोणी नव्हतं. मग सरकली. गोकुळदासही सरकला. खांद्याला खांदा लागला तेव्हा कुठे दोघं त्या काचेत मावली. बोलणं झालं, बर्फ दाखवून झाला, फोन बंद झाला. मी वाट बघत होतो, आता ही उठून आपापल्या टोकाला जातील. गेली नाहीत. गोकुळदासनं मोबाईल मांडीवर ठेवला आणि विमला त्याला सांगत राहिली, लेक जरा भरल्यासारखी दिसते, नाही?

तेवढ्यात धाकूमामा चहाला आला. उभाच राहिला. "आता मी बसू खंय?"

"कडेला बसा, मामा," विमला म्हणाली. सरकली मात्र नाही.

तर अशी माझी गोष्ट. आता माझी दोन्ही टोकं बहुतेक रिकामी असतात आणि मधलं लाकूड उबदार. कधी तुयेला आलात तर जरूर या, पाय मोकळे करून बसा, चहा मिळेल. फक्त एवढं करा, कडेला बसा.